जवळचं पाहायचं की भोवतालचं?

रायफलवरची दुर्बीण म्हटली, की बहुतेकांना चित्रपटातलं एक दृश्य आठवतं. सगळा पडदा काळा, मधे उजेडाचा गोल, गोलात बारीक फुली आणि फुलीखाली कुणीतरी बेसावध माणूस. त्यामुळे आपली समजूत अशी, की ही दुर्बीण म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारं यंत्र, आणि जितकं मोठं दाखवेल तितकी ती चांगली. गंमत अशी, की गेल्या पंचवीसेक वर्षांत अमेरिका-युरोपातल्या रेंजवर ज्या दुर्बिणीचा बोलबाला झाला, ती सर्वांत कमी मोठं करणारी आहे. एकपट ते चौपट, एकपट ते सहापट, फार तर आठ किंवा दहापट. यातली एकपट म्हणजे काहीच मोठं न करणारी! पदरचे पैसे मोजून माणसं अशी दुर्बीण का घेत असतील?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो माझ्या भाच्यामुळे. तो टेक्सासमध्ये नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी रेंजवर कागदी लक्ष्यांवर नेमबाजी करतो. एकदा फोनवर म्हणाला, "मामा, तू जन्मभर मुलांना भिंगं शिकवलीस. आता मला सांग, कुठला स्कोप घेऊ? दुकानदार म्हणतो चोवीसपट घे, क्लबातले म्हणतात सहापट पुष्कळ झाला." मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. मला रायफलींचं प्रेम नाही, पण भिंगांचं आहे. त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला आणि चांगला दोन महिने त्यात अडकलो. दुकानदार आणि क्लबातले यांच्यातला हा वाद साडेतीनशे वर्षांचा जुना आहे, हे मला तेव्हा कळलं.

आधी साध्या रायफलीचं पाहू. तिच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि नळीच्या टोकाला माशी. खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी डोळ्याने एका रेषेत आणायच्या असतात. अडचण ही, की खाच हातभर अंतरावर, माशी त्यापलीकडे आणि लक्ष्य शंभर मीटरवर. आपला डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली, तर लक्ष्य धूसर होतं आणि लक्ष्य पाहिलं, तर माशी विरघळते. चाळिशी उलटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुर्बिणीने ही अडचण सोडवली, पण ती मोठं करून दाखवण्यामुळे नव्हे. गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीत एक बहिर्गोल आणि एक अंतर्गोल भिंग होतं. केप्लरने १६११ साली दोन्ही बहिर्गोल भिंगांची रचना मांडली. या रचनेत चित्र उलटं दिसतं, पण एक मोठा फायदा होतो. दुर्बिणीच्या पोटातच एका जागी लक्ष्याची खरीखुरी प्रतिमा तयार होते. तिथे एखादा बारीक धागा ठेवला, तर धागा आणि लक्ष्य दोन्ही एकदम, सारखेच स्पष्ट दिसतात.

हा धागा कुणी ठेवला? एका कोळ्याने! इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा विल्यम गॅसकॉइन हा तरुण ज्योतिर्विद १६४०च्या सुमारास दुर्बिणीवर काम करत होता. उघड्या राहिलेल्या नळीत कोळ्याने जाळं विणलं. त्याचा एक तंतू नेमका त्या प्रतिमेच्या जागी आला आणि गॅसकॉइनला तो आकाशाच्या पार्श्वभूमीवर रेखीव दिसला. त्याने ओळखलं, की हा नेम धरायचा खरा मार्ग आहे, आणि कोन मोजण्याच्या उपकरणावर त्याने तशी दुर्बीण बसवली. १६४४ साली इंग्लंडच्या यादवी युद्धात, मार्स्टन मूरच्या लढाईत, तो राजाच्या बाजूने लढताना मारला गेला असं सांगतात. वय जेमतेम बत्तीस. त्याची फुली मात्र टिकली. कोळ्याचे तंतू तर इतके उपयोगी ठरले, की दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेत कोळी पाळून त्यांचे तंतू अशा उपकरणांसाठी काढले जात होते.

म्हणजे दुर्बिणीचा पहिला गुण आहे नेमाची खूण आणि लक्ष्य एकाच प्रतलात आणणं. मोठं करून दाखवणं हा दुसरा. 'एकपट' दुर्बिणीला माणसं पैसे का मोजतात, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

रायफलीवर ही नळी चढायला मात्र आणखी दोनशे वर्षं लागली. अमेरिकेत १८४०च्या दशकात जॉन चॅपमन या इंजिनिअरने रायफलीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या मॉर्गन जेम्स या बंदूक कारागिराच्या दुर्बिणीची माहिती आहे. पुढे १८५५ साली त्याच राज्यातल्या सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कमने अधिक चांगल्या भिंगांच्या दुर्बिणी बनवायला सुरुवात केली. नळी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकी लांब आणि तिच्यातून दिसणारा भाग अगदी चिंचोळा. बाकावर ठेवलेल्या जड रायफलीने स्थिर लक्ष्य टिपायचं, तर हे चालत होतं.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने षट्कोनी छेदाच्या नळीची रायफल बनवली होती. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या मैदानावर तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडली ती याच रायफलीने. रायफल लोखंडी ठाणावर पक्की बसवलेली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून दीडेक इंचावर लागली. राणीला नेम धरावाच लागला नाही. ठाण हललं नाही, म्हणून गोळी लागली. हे उदाहरण ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच व्हिटवर्थवर डेव्हिडसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तयार केलेली दुर्बीण बसवली गेली. हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात नोकरी करून परतलेले होते. त्यांची दुर्बीण सुमारे चौपट मोठं करणारी आणि रायफलीच्या डाव्या अंगाला बसवलेली असे. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांच्या हाती अशा काही रायफली पोहोचल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनियाच्या रणभूमीवर उत्तरेचा सेनापती जॉन सेजविक आपल्या शिपायांना धीर देत होता, की एवढ्या लांबून त्यांना हत्तीसुद्धा टिपता येणार नाही. त्यानंतर थोड्याच वेळात एका नेमबाजाची गोळी लागून तो ठार झाला. ज्या काचेने ताऱ्यांमधली अंतरं मोजली, तिचा हाही एक वापर आहे, आणि तो नजरेआड करून या विषयावर बोलता येणार नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनी या बाबतीत पुढे होती. तिथे शिकारीला दुर्बीण वापरायची रीत होती आणि १८८४पासून येना इथे उत्तम प्रकाशीय काच तयार होत होती. ब्रिटिशांची सुरुवातीला धावपळ उडाली. त्यांनी जे तात्पुरते उपाय केले, त्यातला एक म्हणजे गॅलिलिओच्या पद्धतीची दोन सुटी भिंगं, एक नळीच्या टोकाला आणि एक डोळ्याजवळ. दोन-अडीचपट मोठं दिसे, पण दिसणारा भाग इतका लहान, की त्यात शत्रू शोधणंच कठीण. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनीही असाच अनुभव घेतला. त्यांची 'झेडएफ-४१' ही दुर्बीण फक्त दीडपट होती आणि डोळ्यापासून लांब, पुढे बसवलेली. तिच्यातूनही फारच थोडा भाग दिसे, म्हणून पट्टीचे नेमबाज तिच्यावर नाराज असत.

म्हणजे नुसते 'पट' कमी असून भागत नाही. दुर्बिणीला तीन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात: लक्ष्य किती मोठं दिसतं, भोवतालचं किती दिसतं आणि डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र टिकतं का. एक वाढवली, की दुसरी घटते. १९३९-४०च्या हिवाळी युद्धात फिनलंडचा सिमो हायहा तर दुर्बिणीच्या वाटेलाच गेला नाही. तिच्यामुळे डोकं वर काढावं लागतं आणि थंडीत काचेवर बाष्प धरतं, म्हणून तो साध्या माशीवरच नेम धरी. पाचशेहून अधिक बळी त्याच्या नावावर सांगितले जातात.

सामान्य माणसाच्या हाती दुर्बीण आली ती विल्यम वीव्हर या अमेरिकनामुळे. त्याने १९३० साली '३३०' नावाची पावणेतीनपट दुर्बीण बाजारात आणली, माउंटसकट १९ डॉलरला. पुढे महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या स्निपर रायफलीवर तीच चढवली. महायुद्धानंतर लिओपोल्ड कंपनीने नळीत नायट्रोजन भरून आतलं धुकं घालवलं. ज्या बाष्पाला हायहा वैतागला होता, त्याचा निदान आतल्या बाजूने तरी बंदोबस्त झाला.

आता राहिला 'पट' बदलण्याचा प्रश्न. केप्लरच्या दुर्बिणीतलं उलटं चित्र सुलटं करायला मधे भिंगांची आणखी एक जोडी घालावी लागते. ही जोडी मागेपुढे सरकवली, की चित्र लहानमोठं होतं. बाहेरचं कडं फिरवलं, की आतल्या खाचांमधून ही भिंगं सरकतात. तत्त्व सोपं आहे, पण काम नाजूक. केसभर फट राहिली, तरी कडं फिरवताच नेम हलतो. म्हणून जुने शिकारी अशा दुर्बिणींवर बराच काळ विश्वास ठेवत नसत. महायुद्धानंतर घडाई सुधारली. १९६६ साली अमेरिकी मरीन दलाने स्वीकारलेल्या एम-४० रायफलीवर तीन ते नऊपट अशी बदलती दुर्बीण होती.

पुढचं वळण खेळाने दिलं. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून 'थ्री-गन' प्रकारच्या स्पर्धा वाढल्या. त्यात एक लक्ष्य पाच मीटरवर तर पुढचं तीनशे मीटरवर, आणि सगळं घड्याळाच्या काट्यावर. इथे नऊपट दुर्बीण जवळच्या लक्ष्याला निरुपयोगी आणि साधी माशी लांबच्याला अपुरी. मग एकपटापासून सुरू होणारी दुर्बीण पुढे आली. एकपटावर ठेवून दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, पुढे कडं फिरवून सहापट करायचं. सैन्यानेही हा धडा घेतला. २०२० साली अमेरिकी मरीन दलाने एक ते आठपट, तर अमेरिकी लष्कराने एक ते सहापट दुर्बीण निवडली.

हा इतिहास वाचून झाल्यावर मी भाच्याला गणित घालून दिलं. निरोगी डोळा एक मिनिटाचा कोन ओळखतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि शंभर मीटरवर ते होतात साधारण तीन सेंटिमीटर. चौपट दुर्बिणीतून कागदावरच्या हिशेबाने सात मिलिमीटर ओळखता येतात, सहापटीतून पाच. पॉइंट टू-टूच्या गोळीचं भोक असतं ५.६ मिलिमीटर. म्हणजे शंभर मीटरच्या रेंजवर सहापट दुर्बीण भोक दिसण्याच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवते. मोजायचीच असतील, तर शेजारी तिकाटण्यावर वेगळी दुर्बीण ठेवावी. नेम धरायला भोक दिसण्याची गरज नसते.

आणि चोवीसपट घेतली, तर? लक्ष्य चोवीसपट होतं, तसा हाताचा कंपही चोवीसपट दिसतो. हृदयाचे ठोके फुलीवर नाचतात. तापलेल्या जमिनीवरची हवा पाण्यासारखी वाहताना दिसते. नवशिका फुली क्षणभर मधे आलेली पाहून चाप झटक्याने ओढतो आणि गोळी भलतीकडे जाते. रायफल बाकावर वाळूच्या पिशवीवर टेकवलेली असेल, तर मोठे 'पट' कामाचे. आठवा ते राणीचं लोखंडी ठाण. खांद्यावर धरून मारायचं असेल, तर चार-सहापट पुष्कळ.

बाकीच्या बाबी त्याला अशा लिहून पाठवल्या. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले 'पट', म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. २४ मिलिमीटरच्या भिंगाला सहापटीवर चार मिलिमीटर मिळतात, दहापटीवर २.४. दिवसा बाहुली दोन-तीन मिलिमीटरच असते, त्यामुळे उन्हात दहापटही चालते, पण डोळा नेमक्या जागी ठेवावा लागतो आणि संध्याकाळी चित्र काळवंडतं. सहापट सोसते.

दुसरं, फुली कुठे बसवली आहे हे विचार. ती पुढच्या प्रतलात असेल, तर चित्राबरोबर लहानमोठी होते आणि तिच्यावरच्या खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या ठरतात, पण एकपटीवर ती कोळिष्टकासारखी बारीक दिसते. मागच्या प्रतलात असेल, तर नेहमी सारखीच दिसते, मात्र खुणा एकाच पटीवर, बहुधा सर्वांत मोठ्या पटीवर, खऱ्या ठरतात. ठरावीक अंतरावर कागद टिपणाऱ्याला मागची पुरे. अंतर बदलत असेल, तर पुढची.

तिसरं, या दुर्बिणी कारखान्यात बहुधा शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेल्या असतात. पंचवीस मीटरवर डोळा मध्यापासून सरकला, तर नेम थोडा सरकतो. २४ मिलिमीटरच्या भिंगाला ही चूक हिशेबाने नऊ मिलिमीटरच्या आत राहते. गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकवला, तर तीही उरत नाही. चौथं, विकत घेतल्यावर तिची परीक्षा घे. वीस टिचक्या वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे आणि प्रत्येक ठिकाणी तीन गोळ्या. शेवटच्या तीन पहिल्या तिनांत जाऊन मिळाल्या, तर यंत्र प्रामाणिक. पाचवं, दुर्बिणीवर सगळे पैसे उधळून माउंट स्वस्तातलं घेऊ नकोस. माउंट हललं, की काच कितीही उंची असली तरी व्यर्थ.

शेवटची गोष्ट लिहिताना मात्र माझ्यातला शिक्षक बाजूला झाला आणि मामा पुढे आला. एकपट दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारण पस्तीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. सहापटीतून सहा मीटर. चोवीसपटीतून जेमतेम दीड. रेंजवर शेजारी कुणी रेषा ओलांडून पुढे गेलं किंवा 'थांबा' असा इशारा झाला, तर दीड मीटरच्या गोलात डोळा रुतवून बसलेल्या माणसाला ते दिसणार नाही. "नेम धरण्यापूर्वी कडं एकपटीवर ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून सगळी रेंज एकदा पाहून घेत जा," असं मी त्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "मामा, एवढं तर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. पण बरं वाटलं." त्याने एक ते सहापट घेतली.

आपल्याकडचा नेमबाजीचा अभिमान ज्या स्पर्धांतून आला, त्यांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते साध्या छिद्रातून पाहून. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. ते नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. दिसतो तो ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल. तो पुढच्या कड्याच्या बरोबर मधे ठेवायचा, श्वास आवरायचा आणि चाप दाबायचा. हायहाचा आणि स्वप्नीलचा उद्देश निराळा, पण दोघांच्या हाती साधंच साधन होतं.

जाता जाता एक जुनी हकीकत. डान्झिगचा ज्योतिर्विद हेवेलियस तारे मोजताना दुर्बीण वापरायला तयार नव्हता. लंडनच्या रॉबर्ट हूकने त्याच्यावर कडक टीका केली. शेवटी १६७९ साली बावीस वर्षांचा एडमंड हॅली दुर्बीण बसवलेलं उपकरण घेऊन डान्झिगला गेला आणि त्याने म्हाताऱ्याच्या शेजारी बसून तेच तारे मोजले. हेवेलियसची नुसत्या डोळ्यांनी केलेली मोजमापं त्याला उत्तम आढळली आणि त्याने तसं मोकळेपणाने सांगितलं. तरीही पुढचं जग हूकच्या बाजूने गेलं आणि ते योग्यच झालं, कारण हेवेलियसची नजर आणि त्याची पन्नास वर्षांची तपश्चर्या प्रत्येकाकडे नसते. ज्याच्याकडे ती नाही, त्याने जरूर काच घ्यावी. किती पट घ्यायची, हे मात्र दुकानदारापेक्षा आपल्या हाताच्या कंपाला विचारावं.